मोहिमेवरून परतलेला सैनिक आणि कराची तारीख

अमेरिकेंत एप्रिल महिन्याची १५ तारीख ही मोठी धाकाची तारीख समजतात. जानेवारीपासून डिसेंबरपर्यंतच्या वर्षांत काय मिळालें, त्यांतून सरकारचें देणें किती झालें, तें आधींच कापलें गेलें किती व उरलें किती, हा सारा हिशेब मिळवत्या माणसानें पुढील वर्षाच्या या तारखेपर्यंत लिहून महसूल खात्याकडे पाठवावयाचा असतो. ही तारीख पूर्वीं १५ मार्च होती. १९५४ च्या कायद्यानें ती एक महिना पुढें नेली. तेथें स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतहि मार्च उलटला कीं जेवणाच्या टेबलावर पावत्यांचे ढीग पडूं लागतात, आणि इकडून मुलाकडे गेलेल्या आईला इंग्रजी येवो न येवो, चार दिवस घरांत जपून बोलावें एवढें तिला कळूं लागतें.

पण ज्याच्या खांद्यावर त्याच चार दिवसांत बंदूक होती, त्यानें काय करावें? हा प्रश्न तेथील सैनिकांच्या घरीं दर वर्षीं उभा राहतो. रवानगीचा हुकूम आला कीं सैनिक मृत्युपत्र लिहितो, घराचें भाडें, मुलांची शाळा, मोटारीचा विमा यांची कांहीं तरी व्यवस्था लावतो. कराचें विवरणपत्र मात्र राहून जातें, कारण तें भरण्यास लागणारे कागदच पुष्कळदां तोंवर हातीं आलेले नसतात. मग दहाबारा महिन्यांनीं तो परत येतो. मुलें वाढलेलीं असतात, घराची घडी त्याच्यावांचून बसलेली असते, आणि दाराजवळच्या खणांत टपालाचा गठ्ठा त्याची वाट पाहत असतो. त्या गठ्ठ्यांत महसूल खात्याचीं दोनतीन पाकिटें असलीं कीं, ज्यानें तोफांचा भडिमार सोसला त्याचाहि हात तीं फोडण्यास धजत नाहीं. एक वर्ष चुकलें या संकोचानें तो दुसऱ्या वर्षाचें पत्रक भरीत नाहीं. दुसरें राहिलें म्हणून तिसरें. अशी तीनचार वर्षें साचतात. या साचण्यानें होणारें नुकसान कोणत्याहि दंडाहून मोठें असूं शकतें. कसें, तें पुढें येईलच.

युद्धावर गेलेल्या माणसाच्या पाठीमागें त्याच्याविरुद्ध निकाल होऊं नये, हें तत्त्व अमेरिकेंत पहिल्या महायुद्धाच्या वेळीं, १९१८ सालीं, कायद्यांत आलें. पुराव्याच्या कायद्यावरील ग्रंथांमुळें प्रसिद्ध असलेले विद्वान जॉन विगमोर यांचा त्या कायद्याच्या मसुद्यांत मोठा वाटा होता. आपल्याकडेहि १९२५ सालीं सैनिकांच्या दाव्यांसंबंधीं एक कायदा झाला. रणांगणावर असलेल्या हिंदी शिपायाविरुद्ध कोर्टांत चाललेलें काम त्याच्या गैरहजेरींत उरकून टाकूं नये, असा त्याचा आशय होता. साताऱ्याकडच्या किंवा रत्नागिरीकडच्या ज्या घरांतून पलटणींत माणसें जात, त्यांना या तत्त्वाचें मोल निराळें सांगावयास नको. अमेरिकेचा १९१८ चा कायदा १९४० सालीं पुन्हा करण्यांत आला व २००३ सालीं त्याला आजचें रूप मिळालें.

कराच्या बाबतींत मात्र खरा बदल दुसऱ्या महायुद्धानें केला. तोंपर्यंत प्राप्तीवरील कर ही सुखवस्तु लोकांचीच बाब होती. १९३९ सालीं अमेरिकेंत हा कर देणारे सुमारें ४० लाख होते. १९४५ पर्यंत त्यांची संख्या ४ कोटींच्या वर गेली. एवढ्या लोकांकडून वर्षाअखेर एकरकमी पैसे मागणें शक्य नव्हतें, म्हणून १९४३ च्या कायद्यानें दर पगारांतूनच कर कापून घेण्याची पद्धति सुरू झाली. ही गोष्ट नीट ध्यानांत घेतली म्हणजे सैनिकाच्या भीतीचें निम्में कारण नाहींसें होतें. त्याच्या पगारांतून दर महिन्यास कांहीं रक्कम आधींच सरकारजमा झालेली असते. वर्षाच्या शेवटीं तो जें विवरणपत्र भरतो तें बहुतेक वेळां सरकारला पैसे देण्याचें पत्र नसतें. सरकारकडून आपले जादा गेलेले पैसे परत मागण्याचें पत्र असतें. तें न भरणारा आपलाच तगादा विसरलेल्या सावकारासारखा होय.

आतां मुख्य नियमाकडे वळूं. जो सैनिक युद्धक्षेत्रांत काम करीत आहे, त्याच्यापुरतें कराचें घड्याळ बंद पडतें. तें पुन्हा चालूं लागतें तें तो त्या क्षेत्रांतून बाहेर पडल्यावर १८० दिवसांनीं. एवढ्यावरच कायदा थांबत नाहीं. तो क्षेत्रांत शिरला त्या दिवशीं मूळ मुदतीचे जितके दिवस शिल्लक होते, तितकेहि या १८० दिवसांत मिळवावयाचे. विवरणपत्र भरण्याचा काळ १ जानेवारीपासून १५ एप्रिलपर्यंतचा, म्हणजे साध्या वर्षीं १०५ दिवसांचा धरतात. वर्ष उजाडण्यापूर्वींच जो रणक्षेत्रांत पोचला त्याचे सर्वच्या सर्व १०५ दिवस शिल्लक राहिले. त्याला एकंदर २८५ दिवस मिळतात.

उदाहरणानें हें अधिक स्पष्ट होईल. एक सार्जंट १ डिसेंबर २०१४ रोजीं अफगाणिस्तानांत दाखल झाला व ३० सप्टेंबर २०१५ रोजीं तेथून निघाला असें समजूं. २०१४ सालच्या उत्पन्नाचें त्याचें विवरणपत्र इतरांप्रमाणें १५ एप्रिल २०१५ पर्यंत जावयास हवें होतें. परंतु त्याची मोजणी ३० सप्टेंबर २०१५ नंतर सुरू होते. १८० आणि १०५ मिळून २८५ दिवस मोजले कीं ११ जुलै २०१६ ही तारीख येते. म्हणजे शेजाऱ्याची मुदत संपून जवळजवळ १५ महिने लोटले तरी सार्जंट उशिरा आला असें कायदा म्हणत नाहीं. तोच जर डिसेंबरांत न जातां १६ मार्च २०१५ रोजीं क्षेत्रांत शिरला असता, तर मूळ मुदतीचे ३१ दिवसच शिल्लक राहिले असते, व २११ दिवसांच्या हिशेबानें त्याची तारीख २८ एप्रिल २०१६ आली असती. घरच्या माणसांनीं म्हणूनच दोन तारखा एका वहींत जपून लिहून ठेवाव्या: क्षेत्रांत शिरल्याची व क्षेत्र सोडल्याची. घरीं पोचल्याची तारीख येथें उपयोगाची नाहीं. विमानतळावर हार घालून काढलेल्या छायाचित्रावरून मुदत मोजणारे फसतात.

या वाढीव काळांत दंड नाहीं, आणि मुख्य म्हणजे उरलेल्या करावर व्याजहि नाहीं. ही सवलत केवळ पत्रक पाठविण्यापुरती नसून पैसे भरणें, परतावा मागणें, कराच्या न्यायालयांत अर्ज करणें या सर्वांस लागू पडते. उलट बाजूनें खात्याच्या हातांतील तपासणीचें व वसुलीचें कामहि तोंवर तहकूब राहतें. परतावा येणें असेल व तो या वाढीव मुदतींत मागितला असेल, तर सरकारच मूळ तारखेपासून सैनिकाला व्याज देतें. करखात्याकडून व्याज घेण्याचा योग सामान्य माणसाला क्वचितच येतो.

परंतु कायद्याचें हें औदार्य एका शब्दावर टांगलेलें आहे, आणि तो शब्द 'युद्धक्षेत्र' हा होय. सैनिक परदेशीं गेला, कुटुंबापासून दूर राहिला, हालांत दिवस काढले, एवढ्यानें तो युद्धक्षेत्रांत होता असें ठरत नाहीं. कोणता प्रदेश युद्धक्षेत्र, हें राष्ट्राध्यक्ष आपल्या हुकमानें जाहीर करतात. अरबस्तान व इराणच्या आखाताकडील प्रदेश १७ जानेवारी १९९१ पासून, कोसोव्हो व त्याभोंवतालचा प्रदेश २४ मार्च १९९९ पासून, आणि अफगाणिस्तान १९ सप्टेंबर २००१ पासून असा जाहीर झाला. शेजारच्या देशांत राहून या क्षेत्रांतील लढाईस प्रत्यक्ष मदत करणाऱ्या कांहीं तुकड्याहि त्यांत धरल्या जातात. संरक्षणमंत्री ज्या मोहिमा विशेष म्हणून ठरवितात त्यांवरील सैनिकांनाहि मुदतवाढ मिळते. जखमी होऊन क्षेत्राबाहेर इस्पितळांत पडलेल्याचा तेथील काळ क्षेत्रांतल्या काळाप्रमाणेंच मोजतात, व बेपत्ता झालेल्याचाहि. सैनिक नसलेले, पण सैन्याच्या हुकमतीखालीं त्या क्षेत्रांत काम करणारे लोक, तसेंच रेड क्रॉसचे सेवक व मान्यताप्राप्त बातमीदार यांनाहि मुदतीची सवलत आहे.

जर्मनींतल्या किंवा जपानांतल्या छावणींत वर्ष काढणारा सैनिक मात्र बाहेर राहतो. त्याला परदेशांत असल्याबद्दल दोन महिन्यांची, म्हणजे १५ जूनपर्यंतची, मुदत आपोआप मिळते, व अर्ज केल्यास ती १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. पण ही मुदत निराळ्या जातीची: देणें उरलें असेल तर त्यावर १५ एप्रिलपासून व्याज चढूं लागतें. दोघेहि एकाच गणवेशांत परततात, दोघांच्याहि बायकांनीं तितकेंच सोसलेलें असतें; परंतु एकाचें घड्याळ बंद होतें व दुसऱ्याचें चालूं होतें. बरॅकींतल्या गप्पांत हा भेद कोणी सांगत नाहीं, आणि "आपल्याला सहा महिने माफ आहेत" अशा सरसकट समजुतीवर विसंबून दुसरा सैनिक खड्ड्यांत जातो.

ज्याला सवलत आहे त्याच्याहि घरीं खात्याचीं तगाद्याचीं पत्रें कां येतात, असें कोणी विचारील. सैन्याकडून महसूल खात्याला नांवें कळविण्याची व्यवस्था आहे, पण यादी व माणूस यांची गांठ दर वेळीं वेळेवर पडतेच असें नाहीं, आणि पत्रें यंत्र पाठवितें. अशा पत्रावर रागावण्याचें किंवा घाबरण्याचें कारण नाहीं. पत्राच्या माथ्यावर 'युद्धक्षेत्र' हे शब्द व रवानगीची तारीख इंग्रजींत ठळक लिहून तें परत धाडावें. पाकिटावरहि पत्त्याच्या वर तेच शब्द लिहावे. स्वतः सैनिकानेंच तें करावयास पाहिजे असें नाहीं. त्याची पत्नी किंवा त्याच्या वतीनें काम पाहणारा कोणीहि हें कळवूं शकतो, व त्याकरितां खात्यानें ई-मेलची सोयहि ठेवली आहे. विवरणपत्र कागदावर पाठवावयाचें असल्यास त्याच्याहि माथ्यावर हीच खूण करावी. रवानगीच्या हुकमाची नक्कल मात्र आपल्याजवळ असूं द्यावी.

पत्नीची बाजू थोडी अधिक सांगणें जरूर आहे, कारण मागें राहणारें माणूस बहुधा तीच असते व गठ्ठा प्रथम तिच्याच हातीं पडतो. नवराबायकोनें एकत्र विवरणपत्र भरण्याची चाल तेथें सर्वत्र आहे, आणि युद्धक्षेत्राची मुदतवाढ कांहीं अपवाद वगळतां पत्नीसहि मिळते. तिनें वेगळें पत्रक भरलें तरी मिळते. परंतु वाट पाहणें हें तिच्यावर बंधन नाहीं. परतावा येणें असेल आणि घरांत पैशांची ओढ असेल, तर तो वर्षभर सरकारकडे ठेवण्यांत कांहीं शहाणपण नाहीं. नवरा क्षेत्रांत आहे असें सांगणारें सहीचें निवेदन जोडून ती दोघांच्या वतीनें सही करूं शकते. तरी जाण्यापूर्वीं सैनिकानें कराच्या कामाचें मुखत्यारपत्र तिच्या नांवें करून ठेवलें तर अर्धे हेलपाटे वांचतात. मृत्युपत्र लिहिणारा माणूस मुखत्यारपत्र लिहावयास विसरतो हें विचित्र खरें, पण तसें घडतें.

आतां ज्याची वाढीव मुदतहि टळली, किंवा ज्याला ती मुळींच नव्हती, त्याच्याकडे येऊं. येथें दोन निरनिराळ्या चुका आहेत व लोक त्यांना एकच समजतात. पत्रक न पाठविणें ही एक चूक. पैसे न भरणें ही दुसरी. समजा, कापलेली रक्कम वजा जातां एखाद्याकडे १०,००० डॉलर देणें निघालें. त्यानें पत्रक वेळेवर पाठविलें पण पैसे पाठविले नाहींत, तर दंड महिन्यास शेंकडा अर्धा, म्हणजे ५० डॉलर. पत्रकहि पाठविलें नाहीं, तर दोन्ही दंड मिळून महिन्यास शेंकडा ५, म्हणजे ५०० डॉलर. आणि हें पांच महिने चालतें. व्याज निराळें. त्याशिवाय ६० दिवसांहून अधिक उशीर झाल्यास दंडाची एक किमान रक्कमहि ठरलेली आहे. हातांत पैसे नाहींत म्हणून पत्रक दडवून ठेवणारा माणूस ५० च्या जागीं ५०० चा दंड आपण होऊन पतकरतो. खिसा रिकामा असला तरी कागद धाडावा, असाच या आंकड्यांचा अर्थ आहे.

आणि हा दंड कशावर? देणें उरलेल्या करावर. देणेंच नसेल, उलट येणें असेल, तर शून्याचे शेंकडा पांच शून्यच. सैनिकांपैकीं पुष्कळांची स्थिति हीच असते. त्यांना दंडाची भीति बाळगण्याचें कारण नसतें. भीति बाळगावयाची ती मुदतीच्या कायद्याची. परतावा मागण्यास मूळ तारखेपासून साधारण तीन वर्षांची सीमा आहे. युद्धक्षेत्रांतल्या काळामुळें ती सीमाहि पुढें सरते, पण ती अनंत होत नाहीं. ती उलटली कीं तो पैसा सरकारचा झाला. मग कितीहि आर्जवें केलीं, पदकें दाखविलीं, तरी तो मिळत नाहीं. यांतला अन्याय असा कीं, जुन्या वर्षाचें देणें त्या माणसानें पत्रक दिलें नसेल तर खातें केव्हांहि ठरवूं शकतें, त्याला तीन वर्षांची मर्यादा लागत नाहीं. येणें मात्र तीन वर्षांत बुडतें. गठ्ठा न फोडतां बसलेला सार्जंट ज्या पाकिटाला भीत असतो त्यांत बहुधा दंड नसतो, आणि ज्या वर्षाचें पाकीटच आलेलें नसतें त्या वर्षाचे त्याचे स्वतःचे पैसे तिकडे बुडत असतात.

पत्रक मुळींच आलें नाहीं तर खातें आपल्याजवळच्या माहितीवरून स्वतःच एक पत्रक तयार करतें. मालकांनीं व बँकांनीं कळविलेले आंकडे त्यांत असतात. मुलाबाळांची सूट, हक्काच्या वजावटी यांचा त्यांत ठाव नसतो. चार माणसांच्या संसाराचा हिशेब एकट्या फटिंगासारखा मांडला जातो व देणें भलतेंच फुगतें. असें झालें तरी वाट बंद होत नाहीं. सैनिकानें आपलें खरें पत्रक मागाहून पाठविलें कीं त्यावरून आंकडा पुन्हा तपासला जातो.

कागद हरवले हें उत्तर चालत नाहीं, आणि सुदैवानें त्याची गरजहि नाहीं. सैनिकाचा वार्षिक पगारपट सैन्याच्या हिशेब खात्याकडून पुन्हा मिळतो. बँका, पूर्वीचे मालक वगैरेंनीं त्याच्या नांवें जें जें कळविलें त्याचा गोषवारा महसूल खात्याकडे मागील दहा वर्षांपर्यंतचा मागतां येतो, व त्याला पैसे पडत नाहींत. काम वर्षवार करावें. प्रत्येक वर्षाचा नमुना निराळा असतो, २०१४ चें उत्पन्न २०१६ च्या नमुन्यावर लिहून चालत नाहीं. ज्या वर्षाच्या परताव्याची मुदत सर्वांत आधीं संपावयाची तें वर्ष प्रथम हातीं घ्यावें. पुष्कळ वर्षें तुंबलीं असतील तर खातें सर्वसाधारणपणें मागील सहा वर्षांचीं पत्रकें मागतें. त्यापलीकडच्या काळाची भुतें उकरण्याचा प्रसंग सहसा येत नाहीं. छावण्यांतून व गांवोगांवच्या वाचनालयांतून फुकट मदत करणारे शिकलेले स्वयंसेवक या ऋतूंत बसतात. त्यांच्याकडे जाण्यांत कमीपणा मानूं नये.

पत्रक भरतांना एक चमत्कारिक प्रश्न उद्भवतो. युद्धक्षेत्रांत मिळविलेल्या पगारावर साध्या सैनिकास व वॉरंट ऑफिसरास करच नसतो. महिन्यांतला एक दिवस जरी तो तेथें असला तरी सगळा महिना सुटतो. सनदी अधिकाऱ्यांना ही सूट आहे, पण तिला वरची मर्यादा घातलेली आहे. मग ज्याचें जवळजवळ सर्वच उत्पन्न सुटलें त्यानें पत्रक भरावेंच कशाला? तर त्याचें कारण असें. थोड्या उत्पन्नाच्या कष्टकरी कुटुंबांना सरकार कराच्या वाटेनें कांहीं रक्कम रोख देतें, आणि ती रक्कम कमाईच्या प्रमाणांत ठरते. सुटलेला युद्धपगार या एका हिशेबापुरता कमाईंत धरावा कीं धरूं नये, याची निवड कायद्यानें सैनिकावरच सोपविली आहे. कोणाला धरल्यानें अधिक मिळतें, कोणाला न धरल्यानें. दोन्ही रीतींनीं बेरीज करून पाहावी. तासाभराचें काम आहे, आणि त्यांतून दोनतीन मुलांच्या घराला बरीच रक्कम मिळूं शकते.

देणें खरेंच निघालें व तें एकदम झेपण्यासारखें नसलें, तर हप्ते बांधून घेतां येतात. सैनिकी नोकरीमुळेंच पैसे भरणें अवघड झालें असें दाखवितां आलें, तर २००३ च्या कायद्याखालीं प्राप्तीवरील कराचा भरणा सेवा संपल्यावर १८० दिवसांपर्यंत लांबवितां येतो, व त्या काळाचें व्याज किंवा दंड लागत नाहीं. युद्धक्षेत्राची अट येथें नाहीं. पण पत्रक पाठविण्याची मुदत यानें वाढत नाहीं, हें विसरूं नये. आधींच्या तीन वर्षांत ज्याचा कारभार चोख होता त्याला पहिल्या चुकीचा दंड विनंतीवरून माफ करण्याचीहि वहिवाट आहे. मागितल्यावांचून ती माफी मिळेलच असें धरून चालूं नये.

संस्थानिक कर, म्हणजे अमेरिकेंतील निरनिराळ्या राज्यांचे कर, हा वेगळा पसारा आहे. टेक्सास व फ्लॉरिडा यांसारख्या राज्यांत पगारावर असा करच नाहीं. इतरत्र नियम राज्याराज्यांत बदलतात. एवढें सांगितलें म्हणजे पुरे कीं, हुकमानें दुसऱ्या राज्यांत राहावें लागल्यानें सैनिकाचा मूळ अधिवास बदलत नाहीं, म्हणून त्यानें आपल्या मूळ राज्याकडे चौकशी करावी.

एक प्रकरण उरतें, आणि तें परत न आलेल्याचें आहे. युद्धक्षेत्रांत जो कामास आला, किंवा तेथील जखमांनीं वा आजारानें मागाहून वारला, त्याचा मृत्यूच्या वर्षाचा प्राप्तीवरील कर माफ होतो. तो त्या क्षेत्रांत काम करूं लागल्यानंतरच्या मधल्या वर्षांचाहि माफ होतो. त्या वर्षांसाठीं पगारांतून कापलेली रक्कम घरच्यांस परत मिळते. पत्नीबरोबर एकत्र पत्रक असल्यास त्याच्या वांट्यापुरतीच माफी असते. पण ही माफी आपोआप येत नाहीं. कोणी तरी त्याचें विवरणपत्र भरावें लागतें, त्याचा पगारपट जोडावा लागतो, सैन्याकडून आलेला मृत्यूचा दाखला लावावा लागतो आणि माथ्यावर मोहिमेचें नांव घालून तो तेथें पडला अशी खूण करावी लागते. तीन वर्षांची सीमा या पत्रकालाहि आहे, म्हणून त्याच्या पलटणींतला एखादा वडीलधारा अधिकारी किंवा कराचें काम जाणणारा शेजारी, पहिले कांहीं महिने उलटल्यावर, त्या घरीं जाऊन बसतो व खणांतला गठ्ठा विधवेच्या समोर आपल्या हातानें सोडतो.